सॉफ्टवेअरच्या रीतीवर पेटंट असावे का?

मूळ मत (सांगली)
मार्केट यार्डातील हळदीच्या अडत्यांसाठी मी सौद्याच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहितो. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) गणिती पद्धती, अल्गोरिदम (काम पायरीपायरीने उरकण्याच्या रीती) आणि निव्वळ संगणक-प्रोग्राम यांना पेटंट नाकारते, तर कलम ३(सी) वैज्ञानिक तत्त्वाच्या केवळ शोधाला नाकारते. ही कुंपणे सैल करावीत अशी मागणी अधूनमधून होते. माझ्या मते ती अधिक घट्ट हवीत.

संगणकावरील जिफ (GIF) चित्रांचेच पाहा. हे स्वरूप १९८७ मध्ये आले, सर्वत्र रुळले, आणि १९९४ च्या अखेरीस युनिसिस कंपनीने त्यातील एलझेडडब्ल्यू या माहिती आटोपशीर करण्याच्या रीतीवरील पेटंटापोटी प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे शुल्क मागितले. एका प्रोग्राममध्ये अशा शेकडो लहान रीती असतात. त्यांपैकी कोणती कोणी आपल्या नावे करून ठेवली आहे, हे दोन माणसांच्या कार्यालयाने कसे शोधायचे? सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत पेवे खणून हळद साठवत, पण पेव खणण्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे.

प्रतिसाद (सातारा)
पेवाचा दाखला मला पटत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे, कोणा एकाच्या पैशावर उभे राहिलेले नाही. माझ्या लहान कारखान्यात उसाच्या ठिबकसाठी पंपाची नियंत्रण-पेटी बनते. तिच्यातील सुटे भाग कोणालाही बाजारात मिळतील. आमची तीन वर्षे गेली ती विजेचा दाब, जमिनीची ओल आणि विहिरीतील पाणी पाहून पंप केव्हा थांबवायचा हे ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये. एका मोठ्या कंपनीने आमची पेटी विकत घेऊन, चालवून पाहून, तीच युक्ती नव्याने लिहून काढली. कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला जपतो, त्यामागच्या युक्तीला नाही, म्हणून आम्हाला हात चोळत बसावे लागले. हेच काम दांडे आणि चाके जोडून केले असते तर पेटंटाची वाट मोकळी होती. हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

प्रतिसाद (सांगली, निवृत्त प्राध्यापक)
आपल्यावर अन्याय झाला हे खरे, पण त्यासाठी कुंपण मोडण्याची गरज नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फेरिड अलानी या पेटंट-अर्जदाराच्या प्रकरणात स्पष्ट केले की, शोधातून तांत्रिक परिणाम साधला जात असेल, तर तो केवळ प्रोग्रामवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येणार नाही. पंप थांबवणारी पेटी त्या दारातून आत जाऊ शकते.

उलट बाजूचा धोका सांगलीकरांनी विसरू नये. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर पेटंट दिले गेले. आपल्या घरोघरी ठाऊक असलेली ही गोष्ट नवी नाही, हे दाखवण्यासाठी सीएसआयआरसारख्या वैज्ञानिक संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेला जुने लेखी आधार मांडावे लागले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. प्रोग्रामच्या जुन्या रीती तर बहुधा कोठे नोंदलेल्याही नसतात. त्या कोणी बळकावल्या, तर लहान माणसाच्या बाजूने कोण उभे राहील?

प्रतिसाद (सातारा)
दार आहे, पण तांत्रिक परिणाम म्हणजे नेमके काय यावरच वकिलांचे शुल्क वाढत जाते. मला पेटंटाची २० वर्षांची मुदत नको. ज्या क्षेत्रात यंत्र पाच वर्षांत जुने होते, तेथे पाचच वर्षांचे संरक्षण द्या, पण ते निःसंदिग्ध द्या.

मूळ मत मांडणारा (सांगली)
मुदत पाच वर्षांची असेल आणि अर्जासोबत संपूर्ण प्रोग्राम उघड करण्याची अट असेल, तर पंपासारख्या यंत्रापुरता मी विरोध सोडतो. परंतु गणित त्यात येऊ देऊ नये. गुप्तलेखनाच्या आरएसए पद्धतीवर अमेरिकेत १९८३ ते २००० पेटंट होते, आणि तिचा पाया म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण त्या गुणाकारावरून त्या संख्या परत शोधणे अतिशय कठीण, एवढाच आहे. संख्यांचा हा गुणधर्म कोणी घडवलेला नाही. १७ वर्षे त्याच्या वापरावर एका संस्थेची परवानगी लागावी, हे मला आजही मान्य नाही.