मालवणला मुक्काम, पण तारकर्लीची गर्दी नको : जवळचा शांत किनारा कोणता?

प्रश्न (वाटसरू_कोल्हापूर)
नाताळच्या सुट्टीत दोन रात्री मालवणात आहोत. सोबत सत्तरीची आई आणि सहा वर्षांचा मुलगा. स्कूबा, पॅरासेलिंग काही नको. संध्याकाळी निवांत बसता यावं, मुलाला पाण्यात पाय भिजवता यावेत, एवढंच. गाडी स्वतःची आहे. अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल असं काय आहे?

सुरूबन
तोंडवळी. आचऱ्याच्या रस्त्याला लागा, आधी कोळंबचा पूल, मग कालावल खाडीचा. तो ओलांडल्यावर तोंडवळीकडे डावीकडे वळायचं. पुढे रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली तर थांबून जागा द्यावी लागते. तिथून दक्षिणेला तळाशीलपर्यंत जमिनीची चिंचोळी पट्टी गेली आहे, एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. हॉटेलं धरून चालू नका. पाणी, खाणं आणि आईंसाठी घडीची खुर्ची सोबत घ्या, कारण मऊ वाळूत बसल्यावर उठताना गुडघ्यांचे हाल होतात. टॉयलेटची सोय मालवणातच उरकून निघा.

गाडी डांबरावरच ठेवा. वाळू वरून कडक दिसते, खाली भुसभुशीत असते. रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, फिरणारं चाक स्वतःचाच खड्डा खणतं. चारही चाकांतली हवा ३२ वरून १८ पर्यंत उतरवा, चाकांमागची वाळू हातानं काढा आणि आलात त्याच चाकोरीतून सावकाश मागे घ्या. शिवाय या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, त्यांचा हंगाम हाच. जाळीचं कुंपण दिसलं तर लांबून बघा, टॉर्च मारू नका.

भरतीओहोटी
किनारा कुठलाही निवडा, आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, साडेपाचला पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जोरात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तेव्हा, ते संथ असतं, लहान मुलासाठी तेच बरं.

मुलाला तळाशीलच्या टोकाला किंवा देवबागच्या संगमावर पाण्यात उतरवू नका. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं, पाय टिकत नाहीत. उघड्या किनाऱ्यावरही दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा सपाट, गढूळ दिसतोय, तर तो टाळा. शांत वाटतो म्हणून माणसं नेमकी तिथेच शिरतात, आणि ओढ तिथेच असते. सापडलंच कुणी, तर किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर यावं. मुलासोबत असाल तर घोट्याच्या वर पाणी नको.

खाडीकाठ
कुणीतरी भोगवे सुचवेलच. जागा सुंदर आहे, वरच्या वळणावरून कर्ली खाडीचं मुख आणि पलीकडची देवबागची पट्टी एका नजरेत दिसते. पण चौके, नेरूरपार, परुळे असा वळसा घालून जावं लागतं, एक तास तरी धराच. देवबागहून होडीनं जवळ पडतं, मात्र चढता-उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. आईंना तो त्रास देऊ नका.

त्यापेक्षा पहाटे चिवला गाठा, मालवण गावातच आहे. सहा-साडेसहाला वॉटर स्पोर्ट्सवाले नसतात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली असेल तर दोन्ही टोकांना माणसं दोर ओढताना दिसतील. दोरांच्या मधे उभं राहू नका, दोर अचानक ताणला जातो. जाळं वर आलं की ताजे बांगडे, तारल्या तिथेच मिळतात. सुटे पैसे आणि झाकणाचा डबा न्या.

वाटसरू_कोल्हापूर
आभार. तोंडवळीहून अंधार पडल्यावर परतलं तर चालेल ना?

सुरूबन
सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटांत निघा. सुरूच्या बनात उजेड नाही, मुळांना पाय अडतो. आईंच्या हातात काठी असू द्या.