मदत हवी आहे: रोजच्या वापरातल्या थारला मागे डिफ लॉक बसवायचाय, कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ ची थार सीआरडीई, म्हणजे कंपनीचा लॉकर (डिफ लॉक, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा) नाहीये. मागे ईटनचा एमएलडी (आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉकर) यायला लागला तो २०१५ च्या फेसलिफ्टपासून, माझी त्याच्या आधीची. सोमवार ते शुक्रवार सिंहगड रोड ते खराडी, तिथलं ट्रॅफिक काय सांगायचं, आणि शनिवार-रविवार वेल्ह्याच्या पुढे शेतावर. घरात दुसरी गाडी नाही त्यामुळे जे काय बसवीन ते घेऊनच ऑफिसला जायचंय आणि आईला घेऊन कोकणातही उतरायचंय, हे धरून सल्ला द्या प्लीज. "ट्रेलर लाव आणि वेगळी ऑफरोड गाडी घे" वाल्यांना आधीच नमस्कार.

अडचण अशी की शेताकडे जाणारा शेवटचा तुकडा कच्चा आहे, पावसाळ्यात तांबडी माती नुसती लोणी होते. ओढा ओलांडला की लगेच चढ, डाव्या अंगाला ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि उजवीकडे खडक वर आलेला. तिथे मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक एकदमच हलकं होतं आणि फोर-लो (चारही चाकांना जोर, हळू गिअर) टाकलेलं असूनही ती दोन चाकं हवेत गरगरा फिरतात, बाकीची दोन ढिम्म. पुढे-मागे दोन्ही ओपन डिफ (लॉक नसलेले साधे डिफरेन्शियल) असल्यावर हेच होणार हे कळतंय, कारण ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो आणि हलक्या चाकाला जेवढा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो, म्हणजे जवळपास शून्य. भातलावणीच्या दिवसांत मागे युरियाची पोती असतात आणि दर वेळी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर बोलवायचा म्हणजे आता त्यांच्याकडे बघायलाच लाज वाटते.

आतापर्यंत वाचून-विचारून जे समजलंय ते लिहितो, चुकत असेन तर सांगा.

एक, २०१५ नंतरच्या थारचा एमएलडी जुन्या बाजारातून उचलून बसवायचा. दोन चाकांच्या फिरण्यात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की हा आपोआप लॉक होतो आणि ताशी ३२ किमीच्या वर लॉक होतच नाही, म्हणजे हायवेला आणि घाटात तो आहे हे कळणारही नाही. रोजच्या गाडीला मला हाच सगळ्यात बरा वाटतो. पण लॉक होण्यासाठी आधी चाक फिरू द्यावं लागतं, आणि माझ्या चढावर चाक फिरलं की गाडी चाकोरीत अजून खाली बसते, मग "खाड्" करून लॉक होतो आणि गाडी उडी मारते. मित्राच्या थारमध्ये बसून बघितलंय, काम होतं पण ॲक्सल शाफ्टची दया येते.

दोन, लंचबॉक्स लॉकर. नुसते आतले स्टार पिनियन आणि साइड गिअर काढून तिथे हा बसतो, क्राउन-पिनियनच्या (डिफमधल्या मुख्य गिअरच्या जोडीच्या) सेटिंगला हात लागत नाही, त्यामुळे स्वस्त. पण हा कायमच लॉक, फक्त वळणावर बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की टिकटिक करत सोडतो. ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगमधली ती टिकटिक मी सहन करीन. भीती आहे ती ओल्या रस्त्यावर काय होईल याची.

तीन, एअर लॉकर. एआरबीचा वगैरे. बटण दाबलं की लॉक, सोडलं की ओपन. मन इथेच अडकलंय पण कॉम्प्रेसर, सोलेनॉइड (हवा सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह), ॲक्सलपर्यंत हवेची नळी, वर क्राउन-पिनियन परत सेट करणारा हात हवा. एका वर्कशॉपवाल्याने "शिम-बिम काही लागत नाही, तेच बेअरिंग टाकू" म्हटल्यावर मी चहा संपवून निघालो.

तर प्रश्न: (१) यातलं रोजच्या गाडीला काय? (२) नंतरचा एमएलडी माझ्या हाउसिंगमध्ये सरळ बसतो का, कोणी खरंच बसवलाय का? (३) पुण्यात क्राउन-पिनियनचं काम नीट करणारं कोण? (व्यनि, म्हणजे खाजगी निरोप, चालेल.)

चिखल्या
लॉकरच्या आधी टायर कुठले आहेत ते सांग. हायवे टायरवर दोन्ही चाकं लॉक केलीस तर दोन्ही चाकं एकत्र घसरतील, बाकी काही नाही. चिखलात उतरायच्या आधी हवा १८-२० पीएसआयला आण आणि परत भरायला छोटा कॉम्प्रेसर ठेव. दुसरं, हँडब्रेक. चाक फिरायला लागलं की हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून हळू ॲक्सिलरेटर दे. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागला की जोर दुसरीकडे जातो. नव्या गाड्यांतलं ब्रेक लॉकिंग हेच काम करतं, फक्त तिथे कॉम्प्युटर करतो आणि एकाच चाकाला ब्रेक लावतो. तुझ्या गाडीत ते नंतर बसवायचा विषयच नाही.

घाटमाथा
लंचबॉक्स नको रे बाबा. माझ्या जुन्या जीपला मागे होता. ताम्हिणीत पाऊस चालू असताना वळणात थोडा पाय दिला की दोन्ही मागची चाकं एकदम सुटायची, ओपन डिफला निदान एकच चाक फिरतं आणि दुसरं गाडीला धरून ठेवतं. पाय अचानक काढला तरी झटका. थारचा व्हीलबेस २४३० मिमी, एवढ्याशा गाडीला ते फार जाणवतं. तू सवय करशीलही, पण घरातलं दुसरं कोणी गाडी चालवतं का? त्यांना काय समजावणार?

धागाकर्ता
@चिखल्या टायर ए/टी (ऑल-टेरेन) आहेत, अर्धे झालेत. हँडब्रेकचं करून बघतो. @घाटमाथा बायको चालवते, तीही रोज. लंचबॉक्स कटाप.

गुरखावाला
माझ्याकडे गुरखा आहे, पुढे-मागे दोन्ही लॉक, लिव्हर ओढायचा. हाताने लावायच्या लॉकचा खरा फायदा असा की अडथळा यायच्या आधी लावता येतो. चढाच्या तळाशी थांबायचं, मागचा लॉक टाकायचा, फर्स्ट-लो आणि पाय जवळजवळ न देता गाडी चालत वर जाते, चाक फिरतच नाही म्हणून चाकोरीही अजून खोल होत नाही. तू जो ओढ्यावरचा चढ सांगतोयस तिथे एमएलडी आणि याच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडेल. माझं मत एअर लॉकर, तोही फक्त मागे. पुढे टाकू नकोस, स्टीअरिंग जड होतं आणि पुढचे जॉइंट तुटतात. आणि वर चढलास की लॉक काढ, डांबरी रस्त्यावर लॉक ठेवून वळलास तर शाफ्ट पिळतोस. आडव्या उतारावर पण जपून, लॉक असताना मागची बाजू खाली सरकते.

स्पॅनर
सगळे लॉकरवर बोलताय, आधी ॲक्सल ओळखा. ऑर्डरच्या आधी दोन गोष्टी लागतात, शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) किती आणि रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे फेरे) किती. स्प्लाइन शाफ्ट बाहेर काढून मोज, नेटवर वाचलेल्यावर जाऊ नकोस. रेशो असा काढ: मागची दोन्ही चाकं जॅकवर, गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगडाचा ओट. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण. एक चाक कोणीतरी घट्ट धरायचं, दुसरं बरोब्बर दोन फेरे फिरवायचं, तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे मारेल तो तुझा रेशो. एकच फेरा फिरवलास तर उत्तर निम्मं येईल, इथे लोक गंडतात. काही ॲक्सलना रेशोप्रमाणे लॉकरची केस वेगळी येते म्हणून हे लागतं.

जुन्या बाजारातला एमएलडी घेतलास तर पूर्ण ॲक्सल घे, नुसती केस नको, आणि त्याचाही रेशो मोज. पुढच्यापेक्षा वेगळा निघाला तर फोर-व्हील टाकता येणार नाही. फिटरची परीक्षा सोपी: बॅकलॅश (दातांमधली ढील) डायल गेजने मोजतोस का आणि क्राउनच्या दातांना रंग लावून पॅटर्न बघतोस का, एवढं विचार. अंदाजाने करणाऱ्याकडे गेलास तर ६०-७० च्या स्पीडला डिफ कोकलायला लागेल आणि ते परत बंद होत नाही. एअर लॉकरमध्ये हवेची सील गळली की डिफचं ऑइल नळीतून उलटं वर येतं, सोलेनॉइडपाशी ऑइल दिसलं की समज.

आणि हो, इन्शुरन्स कंपनीला लेखी कळव.

धागाकर्ता
@स्पॅनर हे जबरी आहे, धन्यवाद. @गुरखावाला आधी लॉक लावून चाक न फिरवता चढायचं, हे पटलं, एमएलडीचा नाद सोडतो. तसाही कॉम्प्रेसर घेणारच होतो, त्यातूनच टायरची हवा पण भरता येईल.

शनिवारी गाडी जॅकवर घेतो, बायको एक चाक धरेल. स्प्लाइन आणि रेशो इथे टाकतो, मग कुठला मॉडेल नंबर बसतो ते सांगा. कॉम्प्रेसर बॉनेटखाली लावू की सीटखाली? बॉनेटखाली बॅटरीशेजारी जागा दिसतेय पण ओढ्याचं पाणी कधीकधी बंपरच्या वर येतं.