जास्त चाललेली जुनी एसयूव्ही घ्यावी का? ज्यांनी घेतली त्यांनी अनुभव सांगा

संत्राबाग:
परवा भावासोबत कामठी रोडच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात गेली होती. एका गाडीचे दार उघडले आणि तापलेल्या रेक्झिनचा आणि डिझेलचा वास आला. एकदम बाबांची जीप आठवली. वन विभागाच्या लिलावात घेतली होती त्यांनी, मी तेव्हा शाळेत होती. मीटर बंद, किती चालली ते कोणालाच माहीत नाही. शेजारचे म्हणायचे गुरुजी, भंगार आणले. त्याच जीपने काटोलच्या बागेतून संत्र्याच्या पेट्या आणल्या, आजीला मेडिकलच्या दवाखान्यात नेले, आम्हा पोरांना रामटेकच्या गडावर नेले. बाबा दर रविवारी सकाळी स्वतः ऑइल पाहायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

आता मुद्दा. 2015 ची स्कॉर्पिओ, डिझेल, एमएच 40 पासिंग, दुसरा मालक, मीटरवर 1 लाख 92 हजार. यार्डवाला पावणेसहा लाख म्हणतो. नवीन मला परवडत नाही. शनिवार-रविवार नागपूर-काटोल जाणे-येणे असते, आणि बागेचा शेवटचा रस्ता पावसाळ्यात नुसती काळी माती, लहान गाडी रुतते. भाऊ म्हणतो दोन लाखाला टेकलेली गाडी घेऊ नको, त्याच पैशात कमी चाललेली लहान घे. मला वाटते किलोमीटर पाहूनच नाही म्हणणे बरोबर नाही. पण पैसे माझे कष्टाचे आहेत, झोप लागत नाही. यार्डवाला अक्षय तृतीयेच्या आधी टोकन मागून राहिला. तुम्ही वापरली असेल तर सांगा, चांगले-वाईट दोन्ही.

तर्री_जास्त:
ताई टोकन देऊ नका. ड्युटीवर आहे, संध्याकाळी लिहितो.

बुटीबोरीचा:
माझी सात सीटर डिझेल. घेतली तेव्हा 2 लाख 10 हजार किलोमीटर चाललेली, आता साडेतीन लाखाच्या वर गेली. इंजिन अजून उघडले नाही. पण ती का टिकली ते ऐका. आधीच्या मालकाचे काम नागपूर-रायपूर होते. सकाळी चालू करायची, पाचव्या गिअरमध्ये चार-पाच तास चालवायची. इंजिन एकदा गरम झाले की एका चालीत चालते, क्लच-गिअरला काम नाही, ब्रेकला काम नाही. त्याच्याकडे प्रत्येक सर्व्हिसचे बिल होते, फाइल लावून. मी फाइल पाहून गाडी घेतली, गाडी पाहून नाही.

त्याच वेळी दुसरी पाहिली होती, 85 हजार चाललेली. सगळी सीताबर्डी-इतवारीच्या गर्दीत फिरली. क्लच वरच्या वर पकडत होता, स्टेअरिंग एका बाजूला ओढत होते. मीटर कमी म्हणून ती लाखाने महाग!

मात्र खर्च झाला, लपवत नाही. क्लच सेट, सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, एसीचा कंप्रेसर, नंतर इंजेक्टर. एकदम नाही, येत गेले. म्हणून गाडीच्या किमतीशिवाय लाखभर बाजूला ठेवा. ते नसतील तर जास्त चाललेली घेऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

निशिगंध_२२:
गुरुजी म्हणजे झेडपीचे का? माझेही बाबा शिक्षक होते. वाचून भरून आले. गाडीचे काही कळत नाही मला, फक्त लिहावेसे वाटले.

गिअर_टाक:
वाडीला गॅरेज आहे माझे, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या जास्त येतात. ताई, गाडी सकाळी पाहायला जा आणि आदल्या रात्री सांगा की चालू करू नका. बोनेटला हात लावून पाहा. गरम असेल तर त्याने आधीच चालू करून ठेवली, परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन एका सेल्फमध्ये उठले पाहिजे. सायलेन्सरजवळ माणूस उभा करा. निळा धूर सतत आला तर ऑइल जळून राहिले, तिथेच सोडा. काळा असेल तर इंजेक्टर-टर्बोकडे पाहावे लागते. पांढरा गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जात असेल.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून वर ठेवा. थोडे थरथरले तर चालते. जोरात उडत असेल, फुसफुस बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. झाकणाच्या आतून दुधाळ चिकट थर दिसला तर हेड गॅस्केट गेल्याची, म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळल्याची शंका घ्या. डिझेलचे ऑइल काळे दिसते, त्याला घाबरू नका, लोक उगाच घाबरतात.

क्लच पाहायचा तर हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. फिरतच राहिले तर क्लच संपला, तेवढे पैसे कमी करा.

स्कॉर्पिओच्या 2.2 लिटर इंजिनात टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, तो एक खर्च वाचतो. जुन्या 3.0 फॉर्च्युनरला बेल्ट असतो, दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो. बदलल्याचे बिल नसेल तर बदललाच नाही असे धरून चालायचे. आणि 2015 ची म्हणजे बीएस 6 या धुराच्या नव्या नियमांच्या आधीची, तिला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. बीएस 6 डिझेल नुसती गावात दोन-दोन किलोमीटर फिरवली की डीपीएफ चोक होतो, माझ्याकडे रोज एक तरी येते. तुमच्यासाठी ही जुनीच बरी.

संत्राबाग:
@गिअर_टाक दादा, हे सगळे कागदावर उतरवून घेतले. फार उपकार झाले.

कोंढाळीची_लेक:
ताई काटोलला कुठे बाग? माझे माहेर कोंढाळी. संत्र्याच्या आंबिया बहराची फळगळ सुरू झाली का तुमच्याकडे? आमच्याकडे विहीर खाली गेली, टँकरचा विचार सुरू आहे.

संत्राबाग:
हो गं, गळ आहेच. ठिबक रात्री चालवतो आहे, दिवसा लाइट नसते. बाग मेटपांजऱ्याच्या बाजूला आहे.

कोंढाळीची_लेक:
अगं म्हणजे किती जवळ! माझी मावशी तिकडेच. मेसेज करते.

पांढराघोडा:
आमचा अनुभव वाईट आहे, तोही सांगते. मिस्टरांनी मोठ्या हौसेने घेतली होती, पावणेदोन लाख चाललेली, चकचकीत पॉलिश. मेळघाटातून येताना चिखलदऱ्याच्या घाटात गिअर अडकला, पुढे ना मागे. लेकरू मांडीवर, अंधार, मोबाइलला रेंज नाही. एका ट्रकवाल्या भावाने परतवाड्यापर्यंत टोचन लावून आणले, चहासुद्धा त्यानेच पाजला. त्या माणसाला आम्ही अजून दिवाळीला फोन करतो. नंतर गिअरबॉक्स खोलला, त्याचा खर्च, आणि मनात बसलेली भीती. त्या गाडीत मी परत कधी निवांत बसली नाही, शेवटी विकली. गाडी कितीही दणकट असो, घरच्या माणसाला तिच्यावर भरवसा नसेल तर प्रवासात मजा उरत नाही. तुमचा भाऊ काळजीने बोलतो आहे, त्याचे ऐकून तरी घ्या.

बुटीबोरीचा:
वाईट वाटले वहिनी. लेकरू सोबत असले की काय होते ते कळते. घाटात नेऊन पाहायला पाहिजे घेण्याआधी, सपाट रस्त्यावर गिअरबॉक्स काही सांगत नाही.

निशिगंध_२२:
तो ट्रकवाला देवमाणूस. 🙏

अंबाझरीचा_काठ:
23 सप्टेंबर 2023 विसरू नका कोणी. त्या रात्री अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी रस्त्यावर आली, आमच्या लेआउटमध्ये पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. सकाळी मी बाल्कनीतून पाहून राहिलो होतो, एकावर एक चढलेल्या गाड्या. त्यातल्या काही इन्शुरन्सने टोटल लॉस केल्या, आणि काही धुऊन, सीट बदलून बाजारात गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेजाऱ्यांची गाडी सहा महिन्यांनी एका जाहिरातीत दिसली, एकदम नवी कोरी!

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, तळाशी मातीची तपकिरी रेघ राहते. सीटखालचे रूळ गंजलेले का ते पाहा. मॅटखाली हात घाला. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ असतो, तिथे कोणी धूत नाही. आत फार अत्तर मारलेले असेल तर विचारा काहून. फ्यूज बॉक्स उघडून तारांच्या जोडाला हिरवट बुरशी आहे का ते मेकॅनिकला पाहू द्या. अशी गाडी आज चालते आणि पुढच्या पावसाळ्यात एक-एक सेन्सर बोलू लागतो.

तर्री_जास्त:
आलो. माझा अनुभव मीटरचा. एका यार्डात 72 हजार दाखवत होते. ब्रेक पेडलचे रबर एकदम गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची कड दबलेली, स्टेअरिंगची कातडी चमकत होती. 72 हजारात एवढे घासत नाही. मी सीटखाली हात घातला, तर जुने सर्व्हिसचे बिल निघाले, 1 लाख 38 हजारांचे! बिल त्याच्या टेबलवर ठेवले. तो काही बोलला नाही, मीही काही बोललो नाही, निघून आलो. ताईची गाडी 1.92 दाखवते आहे, म्हणजे कदाचित खरी असेल, कारण खोटे लिहायचे असते तर 90 लिहिले असते. तरी गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून हिस्ट्री काढता येते का पाहा. मालकाला सोबत घेऊन गेले तर बहुतेक वेळा सांगतात. काही गाड्यांत स्कॅनर लावला की गाडीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटर मॉड्यूलमध्येही किलोमीटर दिसतात, मीटर फिरवणारा सहसा तिथे पोहोचत नाही.

कोंढाळीची_लेक:
सीटखाली बिल! वा दादा 😄 आता पोहे खा.

तर्री_जास्त:
खाऊनच आलो, कस्तुरचंद पार्कजवळ. तर्री जास्त.

महालातला:
दिल्लीची डिझेल स्वस्त मिळते आहे, ती घेतली कोणी? मला एकाने दाखवली, किंमत ऐकून विश्वास बसेना.

क्लेम_फॉर्म:
@महालातला दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले, म्हणून तिथल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत येतात. गाडी चांगलीही असू शकते. पण तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो धरला की स्वस्तपणा बराचसा जातो. एनओसी हातात नसताना पैसे देऊ नका.

मी इन्शुरन्समध्ये आहे म्हणून ताईंना दोन गोष्टी. जुन्या मालकाची पॉलिसी मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, पाहा. 50 टक्के असेल तर सलग पाच वर्षे क्लेम नाही. शून्य किंवा 20 असेल तर अलीकडे काहीतरी ठोकले असू शकते, काय ते विचारा. तो बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत तुम्हाला मिळत नाही. गाडी नावावर झाली की 14 दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्या. थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) आपोआप येते, पण तुमच्या गाडीचे नुकसान झाले तर नाव नसताना क्लेम अडकतो. लोक इथेच हयगय करतात, आणि मग माझ्यासमोर बसून रडतात, मला काही करता येत नाही.

सातपुडा:
पासिंगचे कोणी लिहिले नाही. 2015 ची गाडी म्हणजे रजिस्ट्रेशन 2030 पर्यंत. नंतर फिटनेस, ग्रीन टॅक्स आणि री-रजिस्ट्रेशन, आजच्या दराने त्याची फी 5000, आणि पुढे पाच-पाच वर्षे मिळतात. म्हणजे गाडी फेकायची नाही, पण पुढचा गिऱ्हाईक हे सगळे धरून भाव पाडतो. पावणेसहा मला जास्त वाटतात. पाचच्या आत बसत असेल तर बोला.

आणि एमएच 40 म्हणजे ग्रामीण, गाडी कोणत्या कामाला होती ते खोदून विचारा. रेतीच्या घाटावर चालली असेल तर खालून पाहा, चेसिस सगळे सांगते.

समृद्धीवरून:
टायर. कोणी टायर बोलले नाही! मी महिन्यात एकदा तरी शिर्डीकडे जातो. समृद्धीवर 120 ची मर्यादा, सिमेंटचा रस्ता आणि आपला 45 अंशांचा उन्हाळा. जुना टायर बाहेरून नक्षीदार दिसतो पण रबर कडक झालेले असते. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. 1418 म्हणजे 2018 चा चौदावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या वरचे असतील तर चारही बदलायचे पैसे किमतीतून कमी करून घ्या आणि बदलल्याशिवाय समृद्धीवर चढू नका. जिवाचा प्रश्न आहे.

जुना_जामठा:
एसी दुपारी दोनला पाहा. सकाळी सगळेच एसी थंड करतात.

अंबाझरीचा_काठ:
+१. दुपारी ट्रॅफिकमध्ये उभी करून टेंपरेचरचा काटाही पाहा.

निशिगंध_२२:
कस्तुरचंद पार्कजवळच्या त्या पोह्यांची वेळ काय असते? बहीण पुण्याहून येते आहे.

तर्री_जास्त:
सकाळी लवकर जा ताई, उशिरा गेले तर रांग.

संत्राबाग:
सगळ्यांचे वाचले, रात्री भावालाही वाचून दाखवले. आज सकाळी गेली होती, बोनेट थंड होते. एका सेल्फमध्ये उठली, धूर नाही, झाकण थोडे थरथरले फक्त. सीटबेल्ट स्वच्छ, स्टेपनीचा खड्डा कोरडा. सर्व्हिस सेंटरमधून हिस्ट्री मिळाली, मधले एक वर्ष सोडले तर किलोमीटर ओळीने चढत गेले आहेत. पहिल्या मालकाचे कळमेश्वरला दुकान होते, रोज जाणे-येणे. रेतीचे काम नाही, खालून पाहिले.

क्लच मात्र संपला आहे, तिसऱ्या गिअरवर इंजिन बंद पडले नाही. टायर 2018 चे. बोनस 25 टक्के, विचारल्यावर मालक म्हणाला मागच्या बंपरचा क्लेम होता, कागद दाखवला. मी यार्डवाल्याला क्लच, टायर आणि पासिंगचा हिशोब लिहून दिला आणि 4 लाख 80 सांगितले. तो 5 लाख 20 वर अडला आहे. टोकन दिले नाही. पांढराघोडा ताई, तुमचे वाचून भाऊ म्हणाला, आधी भिवापूर-उमरेडकडे चालवून आणू आणि परत येताना मी चालवतो. त्याला स्वतः गिअर टाकून पाहायचा आहे. घेतली तर त्याच्या भरवशावर घेईन.

बुटीबोरीचा:
5 च्या खाली येईल, थांबा. अक्षय तृतीया झाली की यार्डात गर्दी कमी होते.

पांढराघोडा:
भावाला सोबत नेता आहात ते बरे वाटले. काही झाले तरी कळवा.

क्लेम_फॉर्म:
ठरले तर गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही तुमच्यासमोर घ्या, यार्डवाल्याच्या कोऱ्या सह्यांवर नको. ई-चलन थकले आहे का आणि कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, दोन्ही पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35.

गिअर_टाक:
क्लच बदलताना फ्लायव्हील (ज्यावर क्लच प्लेट घासते ते चाक) पाहायला सांगा, नुसती प्लेट बदलून देतात. घेतली की वाडीला आणा, एकदा लिफ्टवर घेऊ.

महालातला:
दादा माझीही आणू का? दिल्लीची नाही घेत आता, पण घरची जुनी आहे, डावीकडून खडखड येते.

गिअर_टाक:
आणा. सोमवार सोडून.