शब्दचर्चा : 'तीन पंचमांश माणूस' हा अनुवाद बरोबर आहे का?

प्रश्न : अमेरिकेच्या १७८७च्या राज्यघटनेतलं 'थ्री-फिफ्थ्स' कलम, म्हणजे प्रतिनिधिगृहातल्या राज्यांच्या जागा ठरवायला लोकसंख्या कशी मोजायची ते सांगणारं. 'प्रत्येक गुलाम तीन पंचमांश माणूस धरला जाई' असं मराठीत सर्रास लिहितात. चालेल? आणि दास म्हणावं की गुलाम?

उत्तर : नाही चालणार. मूळ मजकुरात स्वतंत्र व्यक्ती पूर्ण मोजून त्यात 'इतर सर्व व्यक्तींच्या तीन पंचमांश' मिळवायला सांगितलंय. अपूर्णांक एकूण संख्येला लागतो, एकेका माणसाला नाही. शिवाय तिथे 'गुलाम' शब्दच नाही, मुद्दाम टाळलाय. अनुवादातही 'इतर सर्व व्यक्ती'च ठेवा, खुलासा तळटीपेत करा.

उत्तर : 'गुलामाला ३/५ मत' तर साफ चूक, मत शून्यच होतं. गुलाम पूर्ण मोजा हा आग्रह दक्षिणेतल्या मालकांचा होता, कारण प्रतिनिधिगृहातल्या जागा त्यांच्या राज्यांच्या वाढत. १७९०च्या जनगणनेत व्हर्जिनियात ७,४७,६१० लोक, पैकी २,९२,६२७ गुलाम. स्वतंत्र उरले ४,५४,९८३. त्यात गुलामांचे तीन पंचमांश, म्हणजे १,७५,५७६ मिळवले की ६,३०,५५९. दर ३३,००० मागे एक जागा, अपूर्णांक सोडून : १९. नुसते स्वतंत्र धरले असते तर १३. मेनसह मॅसॅच्युसेट्सचे ४,७५,३२७ लोक सगळे स्वतंत्र, म्हणजे व्हर्जिनियातल्या स्वतंत्रांपेक्षा जास्तच, आणि जागा १४!

उत्तर : या वाटणीला 'जागावाटप' म्हणू नका, वाचकाला युती-आघाडीतली ओढाताण आठवते. 'लोकसंख्येनुसार जागांची विभागणी' लांबलचक आहे, पण घोटाळा होत नाही.

उत्तर : गुलामच. 'दास'ला भक्तीचा वास येतो. 'वेठबिगार'ही नको. त्याच कलमात ठरावीक वर्षांसाठी चाकरीला बांधलेले लोक आहेत आणि ते स्वतंत्रांबरोबर पूर्ण मोजले जात. वेठबिगार म्हटलं की हे कोण आणि ते कोण, कळेनासं होतं. त्यांना 'मुदतबंद चाकर' म्हणता येईल.

प्रश्न : त्याच वाक्यातलं 'इंडियन्स नॉट टॅक्स्ड'?

उत्तर : यांत्रिक अनुवादात तिथे 'भारतीय' येतं, ते आधी खोडा. 'कर न भरणारे इंडियन' लिहिलंत तर ते करबुडवे ठरतात. 'ज्यांना कर लागू नाही असे मूळ रहिवासी' लिहा. १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीने तीन पंचमांश गेले, हे शब्द मात्र तिथेही तसेच आहेत, तेव्हा दोन्हीकडे एकच अनुवाद ठेवा.