कर्णबधिर मुलांना नकोसा स्पर्श कसा समजवायचा?

प्रश्न: वर्गात ६ ते ९ वयाची कर्णबधिर मुलं आहेत. काही श्रवणयंत्र लावतात, काही फक्त खुणांनी बोलतात. स्पर्शाची चित्रं दाखवली की सगळी माना डोलावतात. कितपत कळलंय, अंदाज येत नाही.

विशेष शिक्षिका: मान डोलावण्यावर जाऊ नका. डोलावली की मोठी माणसं पाठ सोडतात, हे या मुलांना पक्कं माहीत असतं. ‘समजलं का?’ऐवजी ‘करून दाखव’ म्हणा. त्याआधी गुप्तांगं, ‘नको’, ‘दुखलं’, ‘कोणी’, ‘गुपित’ यांच्या खुणा शिकवा. बहुतेकांचे आईवडील ऐकणारे असतात, त्यांनाही या खुणा येत नाहीत, त्यांनाही बसवा. आणखी एक: या मुलांना हाक मारायची तर बऱ्याचदा हात लावावा लागतो. म्हणून ‘कुणी हात लावला तर ओरड’ हे इथे चालत नाही. खांद्यावर किंवा दंडावर हलकी थाप म्हणजे हाक, हे वेगळं शिकवा.

ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ): यंत्रावरही नजर ठेवा. झोपताना, आंघोळीला यंत्र निघतं. त्यात दिवा घालवला की ओठ नाहीत, खुणाही नाहीत. त्या वेळी मुलाजवळ कोण असतं हे पालकांना माहीत हवं; मुलाच्या हाताला येईल असा दिवाही हवा. बऱ्याच यंत्रांच्या डेटा लॉगिंगमध्ये, म्हणजे यंत्रात आपोआप होणाऱ्या नोंदीत, रोजचा सरासरी वापर कळतो. तो एकदम घसरला तर आधी बॅटरी, सैल इअरमोल्ड (यंत्राचा कानात बसणारा भाग) आणि कानातला संसर्ग तपासा. सगळं ठीक असेल तर यंत्र कधी, कोण असताना निघतं ते घरी आणि शाळेत वहीत लिहा, कारण सरासरीतून ते कळत नाही. मूल यंत्र का काढतं याला ‘ऐकू येत नाही म्हणून चिडतो’ हे उत्तर फार लवकर स्वीकारलं जातं.

प्रश्नकर्ती: आणि मूल काही सांगू लागलं तर?

बालसमुपदेशक: खोदून विचारू नका. ‘काकांनी हात लावला का?’ नको, ‘काय झालं ते सांग’ एवढंच. पुढची चौकशी बालसंरक्षण यंत्रणेची, संशयिताला तुम्ही जाब विचारू नका. दुभाषा बाहेरचा, प्रशिक्षित मागा. घरचा माणूस किंवा वर्गशिक्षक नको, संशयित त्यांच्यातलाच असू शकतो. खूण दिसली तशी लिहा. ‘हनुवटीवरून बोट ओढलं’ लिहा, ‘दाढीवाला’ लिहू नका. घरच्यांपुरत्या बनवलेल्या खुणेचा अर्थ भलताच निघू शकतो. आणि धीर द्यायला म्हणून त्याचे हात हातात घेऊ नका. खुणांनी बोलणाऱ्या मुलाचं तोंडच बंद होतं त्याने.