साठीनंतरच्या शाकाहाऱ्यांना क्रिएटिन: गरज की फॅड?

गोदाकाठ
कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर हल्ली गुडघेदुखीच्या जोडीला क्रिएटिनच्या गप्पा असतात. क्रिएटिन म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा द्यायला मदत करणारा पदार्थ. ते फक्त जिमवाल्या पोरांचं, हा समज सोडा. शरीर रोज साधारण १ ग्रॅम क्रिएटिन स्वतः बनवतं. मांसाहाऱ्याला जवळपास तेवढंच ताटातून मिळतं. कच्च्या मांसात किलोमागे ४-५ ग्रॅम असतं, दुधात नावापुरतं, डाळीत नाहीच. त्यामुळे वरण-भातवाल्यांच्या स्नायूंत साठा मुळात कमी, वर वयाची झीज. रोज ३ ते ५ ग्रॅम मोनोहायड्रेट (क्रिएटिनची नेहमीची पावडर) त्यांनीच आधी घ्यावं. मेंदूलाही फायदा आहे.

मखमलाबादकर
पावडर खाऊन नुसत्या फेऱ्या मारल्या तर पदरात काय पडणार? युरोपात ५५ वर्षांवरच्यांसाठी स्नायूंच्या ताकदीचा जो दावा मान्य आहे, त्यात ३ ग्रॅमसोबत वजनाचे व्यायाम ही अटच आहे. हाडांचं म्हणाल, तर रजोनिवृत्तीनंतरच्या महिलांवरच्या २ वर्षांच्या चाचणीत (२०२३) व्यायाम करूनही क्रिएटिन घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या हाडांची घनता वेगळी दिसली नाही. मेंदूचं म्हणाल, तर पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराच्या १,७४१ रुग्णांना रोज १० ग्रॅम देणारी चाचणी २०१३ मध्ये फायदा दिसेना म्हणून बंद केली.

गोदाकाठ
व्यायामाची अट मान्य. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, असे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. जमू लागलं की हातात पाण्याच्या बाटल्या. पण २००३ च्या चाचणीत शाकाहाऱ्यांना ६ आठवडे ५ ग्रॅम दिल्यावर स्मरणशक्ती सुधारली होती, त्याचं काय?

आडगाव नाका
ती ४५ जणांची होती. २०२३ मध्ये १२३ जणांवर तसाच प्रयोग झाला: परिणाम अगदी पुसट, आणि शाकाहाऱ्यांना जास्त फायदा, असंही नाही. कारण मेंदू स्वतःचं क्रिएटिन बनवतो. स्नायूंचा साठा कमी म्हणून मेंदूचाही कमी, हे गणित चुकतं. झोप न झालेल्यांवरच्या प्रयोगात मेंदूला फायदा दिसला खरा, पण तिथे एकदम वजनाच्या किलोमागे ०.३५ ग्रॅम दिलं होतं. ६० किलोच्या माणसाला २१ ग्रॅम! एका वेळी १० ग्रॅमलाच पोट बिघडू लागतं.

रिपोर्टवाचक
खरी गडबड वेगळीच होते. क्रिएटिनचं शेवटी क्रिएटिनिन होतं (किडनीच्या तपासणीत मोजतात तो टाकाऊ पदार्थ), म्हणून रक्तातला आकडा किडनी धडधाकट असतानाही चढू शकतो. ६५ वर्षांच्या पुरुषाचं १.१ चं १.३ झालं, तर सूत्राने निघणारा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळणक्षमतेचा अंदाज, ७५ वरून ६१ वर येतो आणि घरात रडारड. तपासणीआधी डॉक्टरांना पावडरचं सांगा. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी रक्तचाचणी करा, त्यावर स्नायूंचा फारसा परिणाम नसतो. आधीच किडनीचा आजार असेल तर मात्र डबा उघडूच नका.

मखमलाबादकर
हेच म्हणतोय! मधुमेह-बीपीवाल्या कितीजणांना आपली किडनी कशी आहे हे ठाऊक असतं? आधी तपासणी, मग डबा.

गोदाकाठ
चालेल, पण मग भीतीही तेवढीच मापात ठेवा. साठा पटकन भरायला सुरुवातीचे काही दिवस रोज २० ग्रॅम घेतात, ते लोडिंग नको. ३ ग्रॅमनेही महिनाभरात साठा भरतो. सुरुवातीला वजन किलोभर वाढतं, ते पाणी. फ्रिजच्या पाण्यात पावडर तळाशी रेतीसारखी बसते. ५ ग्रॅमला साध्या तापमानाचं ३५० मिली पाणी लागतं. कोमट असेल तर कमीत विरघळते. कालवून रात्रभर ठेवू नका, पाण्यात हळूहळू त्याचं क्रिएटिनिनच होतं.

मखमलाबादकर
आणि तीन महिन्यांत उठबस दहाची बारा झाली नाही, तर डबा नातवाला द्या.