ढग आले की गच्चीवरचा सेन्सर तिसऱ्या दिवशी मान टाकतो

गच्चीकर, इंदूर:
एप्रिलात गच्चीवर हवामानाचा सेन्सर बसवला. नोडएमसीयू (वायफायवाला छोटा बोर्ड), बीएमई २८० (तापमान, आर्द्रता, दाब मोजणारी चिप), जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला १८६५० लिथियम सेल, टीपी ४०५६ चार्जर, ६ व्होल्ट १ वॅटचं पॅनेल. सगळा संसार आईने टाकायला काढलेल्या लोणच्याच्या प्लास्टिक बरणीत. दर १० मिनिटांनी उठतो, वायफायवरून आकडे पाठवतो, परत डीप स्लीप, म्हणजे गाढ झोप. उन्हाळाभर एक दिवस खाडा नाही. कुरडया घालायच्या आधी आई फोनवर आर्द्रता बघायला लागली होती!

आता श्रावण. सुदामा नगरात सूर्य दिसेना, आणि हा तिसऱ्या दिवशी पहाटे गप्प. खाली आणून मोजलं तर सेल ३.७ व्होल्ट. एवढा जीव असताना बंद का? सेल बदलून पाहिला, तेच. शिवाय हवेचा दाब ९४३ हेक्टोपास्कल दाखवतो, फोनमधलं अ‍ॅप म्हणतं १००४. सेन्सर नकली निघाला का?

छप्पनवाला:
३ वॅटचं पॅनेल लावा भिया, विषय संपला.

तारजुळव्या:
पॅनेलचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. झोपेत असताना करंट किती जातो ते मोजलंत का? नोडएमसीयूवरचा १११७ रेग्युलेटर (सेलचे व्होल्ट उतरवून चिपला देणारा) एकटाच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो, वर यूएसबीची चिप. मालक झोपला तरी ओसरीवरचा दिवा रात्रभर जळतोय. तुमचा झोपेतला करंट ७ मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १६८ मिलिअँपिअर-तास झाले. जागेपणाचा हिशोब: १४४ वेळा, ६ सेकंद, सरासरी ८० मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम १९. झोपच महाग पडतेय.

३.७ चं कोडंही तिथेच सुटतं. १११७ ला स्वतःसाठी साधारण १ व्होल्ट लागतो. म्हणजे चिपला उरले २.७, आणि वायफाय चालू होताच करंट उसळतो की ती कोसळते. सेल निर्दोष आहे.

सुटी ईएसपी-१२एफ (नोडएमसीयूवरचीच वायफाय चिप, बाकी बोर्डाशिवाय) घ्या, पांढऱ्या अ‍ॅडॉप्टर पट्टीवर बसवा, रेग्युलेटर एचटी ७३३३. तो स्वतः काही मायक्रोअँपिअरवर भागवतो. वायफायची उसळ झेलायला त्याच्या आउटपुटला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. चिपची जीपीआयओ १६ ही पिन रीसेटच्या पिनेला जोडायला विसरू नका, नाहीतर झोपेल तो उठणारच नाही. (मी विसरलो होतो. दोन संध्याकाळी कोडमध्ये चूक शोधत बसलो.)

दाब बरोबर आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, दर ९ मीटरला अंदाजे १ हेक्टोपास्कल कमी, म्हणजे ६१ चा फरक. अ‍ॅप समुद्रसपाटीचा आकडा देतं. आणि बीएमई म्हणून खपवतात ती बीएमपी २८०. तिला आर्द्रता मोजताच येत नाही. तुमच्याकडे आर्द्रता येतेय ना? मग झालं.

छप्पनवाला:
पण बरणी? उन्हात बंद बरणी म्हणजे भट्टी.

तारजुळव्या:
हे मात्र खरं. ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नये. सेल पॅनेलच्या सावलीत खाली ठेवा. सेन्सरसाठी कुंडीखालच्या पांढऱ्या ताटल्या उलट्या, मध्ये फटी ठेवून एकावर एक रचा, फरशीपासून दीड मीटर वर.

गच्चीकर, इंदूर:
जुना मोजला: झोपेत ७.४ मिलिअँपिअर! लाज वाटली.

नव्या जोडणीत ३१ मायक्रोअँपिअर. पण मोजताना घाम फुटला. मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर असला की वायफायची उसळ त्यातून जाईना, हा उठतच नाही, बीपी लो झाल्यासारखा पडून राहतो. शेवटी मीटरच्या दोन्ही पिना क्लिपने एकमेकींना जोडल्या, त्याला उठून आकडे पाठवू दिले, झोपला की हळूच क्लिप काढली.

आज ढगांचा पाचवा दिवस, सेल ४.०२ व्होल्ट. पॅनेल तेच. ताटल्यांसाठी आईच्या तुळशीखालची एक उचललीय, अजून तिच्या लक्षात आलेलं नाही.